वेगळी केलेली संकेतस्थळे पुन्हा एकत्र आणल्यावर रिडायरेक्ट बिघडतात तेव्हा काय तपासावे

एखाद्या मराठी नियतकालिकाचे संकेतस्थळ वाढत जाते, त्यातला पाककृतींचा किंवा दिवाळी अंकांचा विभाग स्वतंत्र उपडोमेनवर (मूळ डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) हलवला जातो, पुढे दोन ठिकाणांची देखभाल परवडेनाशी होते आणि तो विभाग पुन्हा मूळ संकेतस्थळात आणला जातो. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणे म्हणजे रिडायरेक्ट, आणि या ये-जा करण्यात तेच बिघडते. अशी एकत्रीकरणे आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या मी सातत्याने करत आलो आहे, आणि बिघाड बहुतेक वेळा त्याच मोजक्या जागी सापडतो. खालचे विवेचन वर्डप्रेसवर चालणाऱ्या, अपाची किंवा एन्जिनएक्स सर्व्हरवर असलेल्या आणि लेखांचे पत्ते देवनागरीत असलेल्या संकेतस्थळांना धरून केले आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे पान उघडतच नाही आणि ब्राउझर ‘खूप वेळा रिडायरेक्ट झाले’ अशा अर्थाचा संदेश दाखवतो. क्रोम आणि फायरफॉक्स साधारण २० उड्यांनंतर, म्हणजे सलग रिडायरेक्टनंतर, प्रयत्न सोडून देतात, म्हणून हा संदेश दिसला की कुठेतरी चक्र तयार झाले आहे असे समजावे. याचाच फसवा प्रकार म्हणजे तुमच्या संगणकावर सर्व काही सुरळीत असते, नव्या वाचकांनाही अडचण येत नाही, पण अनेक वर्षांच्या नियमित वाचकांना मात्र पान दिसत नाही.

काही वेळा दुवा उघडतो, पण भलताच लेख समोर येतो. काही वेळा पत्त्याच्या पट्टीत ‘%२५’ ही खूण पुन्हा पुन्हा दिसते आणि पान सापडत नाही. जुना प्रत्येक दुवा निमूटपणे मुखपृष्ठावर जातो, हेही बिघाडाचेच लक्षण आहे, जरी ते पाहून अनेकांना काम झाले असे वाटते. एकत्रीकरणानंतर सुमारे तीन महिने सर्व ठीक चालून मग एके दिवशी जुन्या पत्त्यावर सुरक्षिततेचा इशारा झळकू लागणे, आणि वाचकाने भरलेला वर्गणीचा फॉर्म रिकामाच पोहोचणे, ही उरलेली दोन लक्षणे आहेत.

तपासणी सुरू करण्यापूर्वी चाचणीसाठी काही पत्ते निवडून ठेवावेत: लहान शीर्षकाचा एक लेख, लांबलचक मराठी शीर्षकाचा एक लेख, ‘पी’ आणि क्रमांक असलेला जुना लघुदुवा, एक वर्गवारीचे पान, एक छायाचित्र आणि आरएसएस फीड. प्रत्येक बदलानंतर हेच पत्ते पुन्हा तपासावेत, कारण एक नियम सुधारताना दुसरा बिघडणे या कामात अगदी सहज घडते.

१. खाजगी खिडकीत आणि दुसऱ्या फोनवर पाहा

याला खर्च काहीच नाही आणि वेळ मिनिटभराचा लागतो. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, आणि शक्य असल्यास मोबाइल डेटावर चालणाऱ्या दुसऱ्या फोनवर, तोच दुवा उघडून पाहावा. तेथे पान उघडले आणि नेहमीच्या खिडकीत उघडले नाही, तर दोष सर्व्हरवर उरलेला नसून ब्राउझरच्या कॅशेमध्ये, म्हणजे त्याने साठवलेल्या जुन्या उत्तरांमध्ये, आहे.

३०१ आणि ३०८ ही कायमस्वरूपी रिडायरेक्टची उत्तरे एचटीटीपीच्या मानकानुसार आपोआप साठवता येतात. ३०२ आणि ३०७ ही तात्पुरती उत्तरे तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय साठवली जात नाहीत. विभाग वेगळा करताना मूळ संकेतस्थळाने ‘/पुरणपोळी/’ या पत्त्यासाठी वाचकाला उपडोमेनकडे पाठवणारे ३०१ दिले असेल, तर ते त्याच्या ब्राउझरने जपून ठेवलेले असू शकते. आता उपडोमेन त्याला परत मूळ पत्त्याकडे पाठवते, ब्राउझर सर्व्हरला न विचारताच साठवलेल्या उत्तरानुसार त्याला पुन्हा उपडोमेनकडे ढकलतो, आणि चक्र सुरू होते. नव्या वाचकाकडे हे साठवलेले उत्तर नसल्यामुळे त्याला काहीच त्रास होत नाही.

हजारो वाचकांना कॅशे साफ करायला सांगणे हा उपाय नव्हे. त्याऐवजी परत आणलेले लेख मूळ संकेतस्थळावर अशा मार्गावर ठेवावेत, जो पूर्वी कधीच रिडायरेक्ट झालेला नव्हता. ‘/पुरणपोळी/’ हा लेख ‘/पाककृती/पुरणपोळी/’ येथे ठेवला, तर जुन्या कॅशेचा वाचक उपडोमेनमार्गे एक उडी जास्त मारतो, पण योग्य पानावर पोहोचतो. मार्ग बदलणे शक्यच नसेल तर उपडोमेनवरून परत पाठवताना पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादे निरुपद्रवी मूल्य जोडावे, कारण ब्राउझर पूर्ण पत्ता जुळला तरच साठवलेले उत्तर वापरतो. अशा वेळी पानावरचा कॅनॉनिकल टॅग (शोधयंत्रांना पानाचा अधिकृत पत्ता सांगणारी खूण) प्रश्नचिन्हाविना असलेला पत्ता दाखवत आहे याची खात्री करावी.

यावरून एक नियम मी प्रत्येक कामात पाळतो. नवे रिडायरेक्ट सुरुवातीचे काही दिवस ३०२ म्हणूनच ठेवावेत, चाचणीचे सर्व पत्ते योग्य चालले की मगच ते ३०१ करावेत, आणि त्या ३०१ सोबतही कॅशेची मुदत तासाभराची द्यावी.

२. प्रत्येक उडी कोण मारवते ते पाहा

ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतील नेटवर्क विभाग उघडून, नोंदी जपून ठेवण्याचा पर्याय चालू करून, जुना दुवा उघडावा. टर्मिनलची सवय असेल तर कर्ल हे साधन फक्त हेडर (उत्तरासोबत येणारी तांत्रिक माहिती) दाखवण्याच्या पर्यायासह वापरणे अधिक चांगले, कारण ते ब्राउझरचा कॅशे वापरत नाही. प्रत्येक उडीचा सांकेतिक क्रमांक, ती जिथे पाठवते तो पत्ता आणि ‘एक्स-रिडायरेक्ट-बाय’ हे हेडर लिहून घ्यावे.

हे शेवटचे हेडर फार उपयोगाचे आहे. २०१९ मधील ५.१ या आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतः केलेल्या रिडायरेक्टवर आपले नाव लिहिते, आणि ‘रिडायरेक्शन’सारखे प्लगइन स्वतःचे नाव लिहिते. हेडरच नसेल तर ती उडी बहुधा सर्व्हर, सीडीएन (वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये राहून पाने पुरवणारी सेवा) किंवा डोमेन नोंदणीदाराकडच्या फॉरवर्डिंगमधून आलेली असते. ही माहिती हातात नसताना नियम बदलत बसणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय; मी तरी या टप्प्याशिवाय एकही नियम बदलत नाही.

उड्यांची संख्याही पाहावी. गूगलचा क्रॉलर (शोधासाठी पाने वाचत फिरणारा प्रोग्राम) एका साखळीत १० उड्यांपर्यंत जातो, पण तेवढी सूट आहे म्हणून ती वापरू नये. ‘एचटीटीपी’वरून ‘एचटीटीपीएस’वर, तेथून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’विना पत्त्यावर, तेथून नव्या मार्गावर आणि शेवटी तिरप्या रेघेसाठी आणखी एक, अशी साखळी सहज तयार होते. मंद मोबाइल जोडणीवर यातली प्रत्येक उडी वाचकाला जाणवते. जुन्या पत्त्यावरून थेट अंतिम पत्त्यावर एकच उडी, हे उद्दिष्ट ठेवावे.

३. उलट दिशेचे जुने नियम शोधा

पुन्हा एकत्र येणाऱ्या संकेतस्थळांचा हाच खरा दुखरा भाग आहे. पहिल्यांदाच दोन संकेतस्थळे जोडली जातात तेव्हा नियम एकाच दिशेचे असतात. आधी वेगळे होऊन मग परतलेल्या विभागाच्या बाबतीत मात्र मूळकडून उपडोमेनकडे पाठवणारे नियम कुठेतरी जिवंत असतात, आणि ते लिहिणारी व्यक्ती बहुधा काम सोडून गेलेली असते.

ते नियम एकाच जागी सापडतील असे धरू नये. डोमेन नोंदणीदाराचे फॉरवर्डिंग, सीडीएनमधील पेज रूल, सर्व्हरची मुख्य संरचना, डॉट एचटीॲक्सेस ही अपाचीचे नियम ठेवणारी फाइल, रिडायरेक्टचे प्लगइन, एसईओ (शोधयंत्रांत नीट दिसण्यासाठीच्या) प्लगइनमधील वेगळा रिडायरेक्ट विभाग, थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये कोणीतरी घातलेल्या चार ओळी आणि वर्डप्रेसच्या मांडणीतील संकेतस्थळाचा पत्ता, अशा सर्व जागा पाहाव्यात. दुसऱ्या तपासणीत मिळालेली माहिती इथे वेळ वाचवते.

डॉट एचटीॲक्सेस फाइलमध्ये जागेलाही महत्त्व आहे. वर्डप्रेसचा स्वतःचा भाग, न सापडलेली प्रत्येक विनंती आपल्या मुख्य फाइलकडे वळवतो, म्हणून तुमचे नियम त्या भागाच्या वरच हवेत. त्या भागाच्या आत काहीही लिहू नये, कारण पर्मालिंकची (लेखांच्या पत्त्यांची) मांडणी पुन्हा जतन केली की वर्डप्रेस तो मजकूर नव्याने लिहून टाकते आणि तुमचे नियम नाहीसे होतात. तसेच अपाचीचा साधा ‘रिडायरेक्ट’ हा नियम पत्त्याच्या सुरुवातीवर जुळतो आणि उरलेला भाग नव्या पत्त्याला जोडतो. ‘/लेख’ साठी लिहिलेला नियम ‘/लेख/मोदक’ यालाही लागू होतो. यातला आधी जुळणारा नियम जिंकतो, म्हणून विशिष्ट पत्त्यांचे नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली ठेवावेत.

सीडीएन वापरात असेल तर त्याचे एन्क्रिप्शन कोणत्या पर्यायावर आहे तेही पाहावे. क्लाउडफ्लेअरच्या ‘फ्लेक्सिबल’ पर्यायात सीडीएन मूळ सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलते. मूळ सर्व्हर प्रत्येक एचटीटीपी विनंतीला एचटीटीपीएसकडे पाठवत असेल, तर चक्र अटळ आहे. मूळ सर्व्हरवर वैध प्रमाणपत्र बसवून ‘फुल स्ट्रिक्ट’ पर्याय निवडणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे.

४. जुने डोमेन आणि त्याचे प्रमाणपत्र जिवंत आहे का

रिडायरेक्टचे उत्तर मिळण्यापूर्वी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सुरक्षित जोडणी व्हावी लागते. जुन्या उपडोमेनचे प्रमाणपत्र संपले असेल तर तुमचा अचूक नियम वाचकापर्यंत पोहोचतच नाही. त्याला फक्त इशारा दिसतो. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात, आणि तीन महिन्यांनी येणाऱ्या तक्रारीचे मूळ इथे असते.

नूतनीकरण आपोआप होते, मग ते अडते का? तपासणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचा सर्व्हर जुन्या डोमेनवरील एका ठरावीक मार्गावर एक छोटी फाइल मागतो. सर्व काही नव्या पत्त्याकडे पाठवणारा तुमचा नियम ती विनंतीही वळवतो, पलीकडच्या सर्व्हरवर ती फाइल नसते आणि नूतनीकरण फसते. म्हणून ‘वेल-नोन’ने सुरू होणारा तो मार्ग रिडायरेक्टमधून वगळावा. चारही रूपे, म्हणजे एचटीटीपी व एचटीटीपीएस, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह व त्याविना, स्वतंत्रपणे उघडून पाहावीत.

वेगळे डोमेन घेतलेले असेल तर त्याची मुदतही तपासावी. रिडायरेक्ट शक्य तितका काळ, किमान १ वर्ष, ठेवावेत असे गूगल सांगते. माझा सल्ला त्याहून पुढचा आहे: वाचकांनी एकमेकांना पाठवलेले दुवे आणि छापील अंकात दिलेले पत्ते वर्षानंतरही उघडले जातात, तेव्हा डोमेनचे शुल्क भरता येते तोवर ते सोडू नये.

५. क्रॉलरला काय दिसते

जुन्या संकेतस्थळाच्या रोबॉट्स फाइलने क्रॉलरला मनाई केली असेल तर त्याला रिडायरेक्ट दिसतच नाहीत, म्हणून ती मनाई काढावी. आयात केलेल्या लेखांत एसईओ प्लगइनने जुना कॅनॉनिकल पत्ता जपलेला असेल तर तोही बदलावा. सर्व जुने दुवे मुखपृष्ठावर नेणारा नियम असेल तर तो काढून टाकावा; असंबद्ध पानावर नेणाऱ्या अशा रिडायरेक्टला गूगल ‘पान सापडले नाही’ असेच समजू शकते, आणि वाचकालाही हवा तो लेख मिळत नाही. ज्या लेखाला नवीन जागाच नाही त्यासाठी ४१०, म्हणजे ‘पान कायमचे काढले आहे’, हे उत्तर प्रामाणिक आहे. गूगलच्या सर्च कन्सोलमधील पत्ताबदलाचे साधन डोमेन किंवा उपडोमेन बदलण्यासाठी आहे, एकाच डोमेनमधल्या मार्गबदलासाठी नाही.

६. भलताच लेख उघडत असेल तर

प्रथम लघुदुवे पाहावेत. वर्डप्रेसमध्ये ‘पी’ आणि क्रमांक असा दुवा लेखाच्या डेटाबेसमधील क्रमांकावर चालतो. दोन डेटाबेस एकत्र करताना आधीच वापरलेले क्रमांक बदलतात, म्हणून उपडोमेनवरील ५१२ क्रमांकाची पाककृती मूळ संकेतस्थळावरील ५१२ क्रमांकाच्या संपादकीयाकडे नेते. असे दुवे सरसकट पुढे न ढकलता जुन्या आणि नव्या क्रमांकांच्या तक्त्यावरून एकेक वळवावेत.

दुसरे कारण स्लगची, म्हणजे पत्त्यातील लेखाच्या नावाची, टक्कर. दोन्ही संकेतस्थळांवर ‘/मोदक/’ असेल तर आयात झालेल्या लेखाच्या स्लगला ‘-२’ अशी शेपटी लागते, आणि जुना दुवा दुसऱ्याच मोदकांवर जातो. तिसरे कारण वर्डप्रेसचा अंदाज: पत्ता न सापडल्यास ते त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा लेख शोधून तिकडे पाठवते, म्हणून ‘/चकली/’ मागणारा वाचक ‘/चकली-भाजणी/’वर पोहोचू शकतो. हा अंदाज ५.५ आवृत्तीपासून एका फिल्टरने बंद करता येतो, आणि एकत्रीकरणाच्या काळात तो बंदच ठेवावा, कारण तो खऱ्या चुका झाकून टाकतो.

७. देवनागरी पत्ते

इंग्रजी संकेतस्थळांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शकांत हा भाग नसतो, आणि आपल्याकडे सर्वाधिक वेळ इथेच जातो.

देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या सांकेतिकीकरणात ३ बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन षोडशमान अंकांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ वर्ण लागतात. ‘पुरणपोळी’मध्ये काने, मात्रा, उकार धरून ८ चिन्हे आहेत, तेव्हा तिचा पत्ता ७२ वर्णांचा होतो. वर्डप्रेसचा स्लग २०० वर्णांपुरता मर्यादित असल्यामुळे साधारण २२ चिन्हांनंतर मराठी शीर्षक तुटते. ‘दिवाळी फराळ चकली कुरकुरीत होण्यासाठी’ या शीर्षकाचा स्लग ‘दिवाळी-फराळ-चकली-कुरकुरी’ येथेच थांबतो. शीर्षक पाहून हाताने बनवलेला रिडायरेक्टचा तक्ता त्यामुळे चालत नाही. जुने पत्ते नेहमी जुन्या साइटमॅपमधून किंवा डेटाबेसमधूनच घ्यावेत. सारख्या सुरुवातीच्या लांब शीर्षकांची टक्करही याच कारणाने वाढते.

पत्त्यात ‘%२५’ दिसणे म्हणजे टक्केचिन्हाचेच पुन्हा सांकेतिकीकरण झाले आहे. अपाचीच्या रीराइट नियमात आधीच सांकेतिक केलेला पत्ता दिला आणि ‘एनई’ हा ध्वज लावला नाही, तर असे घडते. शिवाय त्या नियमाच्या डाव्या बाजूला अपाची उलगडलेला, म्हणजे साध्या देवनागरीतला, पत्ता तपासते; तेथे टक्केचिन्हांचा पत्ता लिहिल्यास नियम कधीच जुळत नाही. एन्जिनएक्समध्ये विनंतीचा मूळ पत्ता देणारे चल वापरले तर तो टक्केचिन्हांसह येतो, आणि उलगडलेला पत्ता देणारे चल वापरले तर देवनागरीत येतो. षोडशमान अक्षरे मोठी की लहान, हा फरकही पहिल्या प्रकारात आड येतो: वर्डप्रेस लहान अक्षरे वापरते, इतर साधने पुष्कळदा मोठी. मानकानुसार दोन्ही एकच आहेत, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या तक्त्याला ते कळत नाही.

आणखी एक सूक्ष्म बाब. ‘ॲ’ हे एकाच चिन्हानेही लिहिता येते आणि ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह व ‘ॅ’ असेही. ‘दऱ्या’मधला अर्धा ‘र’ सुद्धा दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पत्ते मात्र वेगळे असतात. तक्त्यात नियम दिसतो आणि तरीही जुळत नाही, अशा वेळी दोन्ही बाजूंचे टक्केचिन्हांतले रूप शेजारी ठेवून पाहावे.

८. सर्व्हर आणि डेटाबेस

एन्जिनएक्समध्ये लांब देवनागरी पत्त्यांचा तक्ता घातल्यावर, मॅपचा (त्या तक्त्याचा) हॅश बांधता येत नाही आणि बकेटचा आकार वाढवा अशी चूक येते, कारण मूळ आकार इतक्या लांब पत्त्यांना पुरत नाही. आकार वाढवून, संरचनेची चाचणी यशस्वी झाल्यावरच सर्व्हर पुन्हा लोड करावा.

लेखांतील अंतर्गत दुवे बदलताना डेटाबेसवर थेट शोध-आणि-बदल चालवू नये. वर्डप्रेस काही माहिती अशा स्वरूपात साठवते की तिच्यात मजकुराची लांबीही नोंदलेली असते. पत्त्याची लांबी बदलली आणि ती नोंद तशीच राहिली की विजेट आणि मांडण्या नाहीशा होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या टर्मिनल साधनातील शोध-बदलाची आज्ञा ही लांबी सांभाळते. लेखाची कायमची ओळख ठेवणारा ‘जीयूआयडी’ हा स्तंभ मात्र वगळावा, अन्यथा फीड वाचणाऱ्या साधनांना सर्व जुने लेख नवे वाटतात.

फॉर्म रिकामे पोहोचत असतील तर कारण असे की ३०१ किंवा ३०२ मिळाल्यावर ब्राउझर पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीची गेट (फक्त पान मागणारी) विनंती करतात आणि भरलेली माहिती गळून पडते. ३०७ आणि ३०८ मध्ये विनंतीचा प्रकार तसाच राहतो. तरीही फॉर्मचा पत्ता मुळातच बदलणे हा अधिक चांगला मार्ग आहे.

येथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

वर्गणी किंवा देणगीचे पैसे स्वीकारणारी पाने रिडायरेक्टच्या वाटेवर असतील तर स्वतः प्रयोग करू नयेत. पेमेंट गेटवेने पाठवलेली पावतीची सूचना हरवली तर पैसे जमा होऊनही वाचकाची नोंद होत नाही. पूर्ण बॅकअप नाही, किंवा तो परत बसवून कधी पाहिलेला नाही, अशा स्थितीत डेटाबेसला हात लावू नये. त्याच सर्व्हरवर इतरांची संकेतस्थळे चालत असतील, डीएनएसच्या नोंदी (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या) कोणाच्या खात्यात आहेत हेच ठाऊक नसेल, किंवा पहिल्या पाच तपासण्यांनंतरही चक्र कुठून सुरू होते ते सांगता येत नसेल, तर आणखी नियम जोडणे थांबवावे. प्रत्येक नवा नियम मूळ दोष अधिक खोल गाडतो.

जाणकाराकडे जाताना चाचणीच्या पत्त्यांची यादी, प्रत्येक उडीचे हेडर, जुन्या-नव्या पत्त्यांचा तक्ता, विभाग वेगळा केला ते आणि परत आणला ते वर्ष, आणि ज्या सर्व जागी नियम सापडले त्यांची नोंद सोबत द्यावी. काम झाल्यावर सर्व रिडायरेक्ट एकाच जागी आणून, प्रत्येक गटाशेजारी तारीख आणि कारण लिहून देण्यास त्यांना आवर्जून सांगावे.